कागदावरच पूर्ण झालेल्या वास्तू : अमूर्त वास्तुरेखाटनांचे प्रिंट घ्यायचे तर कोणते आणि कसे?

बटरपेपर

नमस्कार मंडळी. या विभागात चित्रांवर, शिल्पांवर, छायाचित्रांवर भरपूर लिहिलं जातं. वास्तुविशारदांनी हातानं काढलेल्या अमूर्त रेखाटनांवर मात्र स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून सुरू करतोय.

मी ज्या रेखाटनांबद्दल बोलतोय त्यांवरून कुणी पाया खणत नाही. त्यांत भिंती, जिने, कमानी असतात, प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) आणि सेक्शन (उभा छेद) यांची भाषा असते, पण ती वास्तू कागदावरच पूर्ण होते. पुढे बांधायची राहिली म्हणून ती अपुरी ठरत नाही. हे एकदा मान्य केलं की प्रिंट घेताना विचारायचे प्रश्नही बदलतात: हे काम मुळात कुठल्या माध्यमात पूर्ण झालं, आणि केवढ्या मापात?

या परंपरेचा मूळपुरुष माझ्या मते जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८). बाप पाथरवट, मामा व्हेनिसच्या जलखात्यात अभियंता. स्वतः आयुष्यभर 'व्हेनिसचा वास्तुविशारद' अशी सही करत राहिला, आणि बांधकाम म्हणावं असं हाती लागलं ते रोममधल्या आव्हेंतीन टेकडीवरचं एक चर्च, तेही १७६४ ते १७६६ या काळात केलेलं नूतनीकरण. बाकी सगळं छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. त्याचे 'काल्पनिक तुरुंग' म्हणजे 'कार्चेरी' पहिल्यांदा १७५० च्या आसपास निघाले तेव्हा १४ पत्रे होते. मग १७६१ मध्ये त्यानं तेच पत्रे पुन्हा हातात घेतले, काळोख गडद केला, साखळ्या, कप्प्या, यंत्रं वाढवली, दोन नवे पत्रे जोडले आणि १६ चा संच काढला. म्हणजे एकाच रेखाटनाच्या दोन अवस्था आपल्याला शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. वास्तुविशारदाचा विचार वाढत जाताना बघायला मिळणं फार दुर्मीळ, आणि इथे तो छापलेला आहे.

दुसरे सोव्हिएत वास्तुविशारद याकोव चेर्निखोव. १९३३ मध्ये लेनिनग्राडहून त्यांच्या 'वास्तुकल्पनां'च्या १०१ रंगीत रचना प्रसिद्ध झाल्या. कारखाने, मनोरे, पूल, आणि मध्येच नुसते आयत आणि वर्तुळं एकमेकांत अडकलेली. तिसरे डॅनियल लिबेस्किंड. १९७९ ची 'मायक्रोमेगास' मालिका, दहा रेखाटनं. तेव्हा ते अमेरिकेत क्रॅनब्रुकला शिकवत होते आणि त्यांच्या नावावर एकही इमारत नव्हती; पहिली पूर्ण झाली १९९८ मध्ये, जर्मनीत ओस्नाब्रुकला. चौथ्या झरीना हाश्मी, घरांचे प्लॅन छापचित्रांतून मांडणाऱ्या. त्यांच्याबद्दल मी लिहिण्यापेक्षा ज्यांनी मूळ कामं पाहिली आहेत त्यांनी लिहावं.

मला अभ्यासिकेसाठी दोनेक प्रिंट करून घ्यायचे आहेत. म्युझियमांच्या संकेतस्थळांवर मोठ्या प्रतिमा मिळतात, पण छापताना रेघ कशी टिकवायची, माप केवढं ठेवायचं आणि आपल्या पावसाळ्यात ते टिकवायचं कसं, यावर जाणकारांचं मत हवं आहे. आणि कुणाला हा प्रकारच पटत नसेल तर तेही जरूर लिहा.

घाटमाथा

पटत नाही असं नाही, पण एक शंका आहे. मी स्थापत्य अभियंता. रेखाटन बघताना माझी नजर आधी भार कुठून कुठे उतरतोय ते शोधते. 'मायक्रोमेगास'ची चित्रं आत्ता उघडून पाहिली. त्यात भार नाही, जमीन नाही, वर-खाली नाही. मग याला वास्तूचं रेखाटन का म्हणायचं? उत्तम भौमितिक रचना म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

बटरपेपर

@घाटमाथा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

पिरानेसीपासून सुरुवात करा. त्याच्या कमानीतले दगड नीट बघा. प्रत्येक सांधा जिथे यायला हवा तिथे आहे, तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे आधाराचा दगड आहे. पाथरवटाच्या घरात वाढलेला माणूस आहे तो. भार उतरतो. मुद्दाम चुकवलेली आहे ती जागेची, म्हणजे अवकाशाची, मांडणी. १४ व्या पत्र्यात, 'गॉथिक कमान' म्हणतात तो, जिन्याचा माग काढत जा. पुढचे खांब आणि मागचे खांब यांचा मेळच बसत नाही. जो जिना मागच्या बाजूला असायला हवा तो पुढे येऊन बसतो. तुकडा तुकडा खरा, आणि एकत्र अशक्य.

लिबेस्किंड हीच गोष्ट प्रक्षेपाच्या, म्हणजे त्रिमित वस्तू कागदावर मांडण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत करतात. आपण कॉलेजात अ‍ॅक्सोनोमेट्रिक काढायला शिकलो, म्हणजे वस्तू तिरकी धरून तीन बाजू एकदम दाखवायच्या, सगळ्या समांतर रेघा समांतरच राहिल्या पाहिजेत. 'मायक्रोमेगास'मधला कुठलाही छोटा भाग घ्या, तो हा नियम पाळतो. पण शेजारच्या भागाचा नियम वेगळा. प्लॅन, सेक्शन आणि अ‍ॅक्सो एकमेकांत घुसलेले आहेत. वास्तुविशारदाची हत्यारं वापरून त्या हत्यारांची मर्यादा दाखवणारं काम आहे हे, म्हणून मी त्याला वास्तूचंच रेखाटन म्हणतो. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी बर्लिनच्या ज्यू म्युझियमची स्पर्धा जिंकली. त्या इमारतीची तुटत जाणारी रेघ आणि तिला छेदून जाणारी सरळ रिकामी रेघ बघितली की या कागदांचं नातं कळतं.

घाटमाथा

१४ वा पत्रा मोठा करून पाहिला. बराच वेळ खांब मोजत बसलो. पिरानेसीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. लिबेस्किंडबद्दल अजून विचार करतोय.

ताम्रपट

मी मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्रं छापण्याची कला, शिकले आणि आता शिकवते. धागा काढल्याबद्दल आभार. छपाईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'प्रिंट' या एकाच शब्दाखाली बाजारात फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पिरानेसीनं केलं ते एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं तो थर खरवडत चित्र काढायचं, पत्रा आम्लात सोडायचा. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाऊन खोल होतात. फिकट हव्यात त्या रेघा लवकर झाकायच्या, गडद हव्यात त्या पुन्हा पुन्हा आम्लात सोडायच्या. मग शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचं. कागद खाचेत शिरून शाई उचलून घेतो. म्हणून एचिंगची रेघ कागदावर उठून येते. तिरप्या उजेडात धरलात तर दिसेल, बोट लावू नका. पत्र्याची कड कागदात दबते तिला आम्ही प्लेट मार्क म्हणतो.

आता ओळख. दहापटीचं भिंग घ्या. ऑफसेट छपाई असेल तर रंगीत ठिपक्यांची फुलं दिसतील. इंकजेट, ज्याला दुकानात 'जिक्ले' म्हणतात, त्यात बारीक फवारा दिसेल. एचिंगमध्ये रेघ अखंड, काठ किंचित खडबडीत, मध्ये शाईचा उंचवटा. प्लेट मार्क नंतर खोटाही दाबता येतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

आणखी एक. पेन्सिलनं '७/२५' असं लिहून सही करण्याची पद्धत खूप नंतरची. अठराव्या शतकातल्या पिरानेसीच्या छापावर असा आकडा नसतो. कुणी 'क्रमांकित मूळ पिरानेसी' दाखवला तर तिथेच थांबा. त्याचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतर मुलांनी पॅरिसला नेले, पुढे १८३९ च्या सुमारास ते रोमला परत आले आणि आजही तिथल्या सरकारी मुद्राचित्र-संस्थेत जपलेले आहेत. मधल्या काळात त्यांवरून छपाई होतच राहिली. त्यामुळे 'खऱ्या पत्र्यावरून छापलेला' आणि 'पिरानेसीच्या हयातीत छापलेला' यात फार मोठं अंतर आहे. पत्रा झिजतो, बारीक रेघा आधी जातात. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर प्रकाशक बुशार याचं नाव चुकीनं 'बुझार्ड' असं कोरलेलं आहे. जाणकार अशा खुणांवरून अवस्था ओळखतात.

@बटरपेपर, तुम्ही करून घेणार आहात ती प्रतिकृती आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ती चांगली प्रतिकृती असावी.

अंगणवेल

सगळं वाचतेय, खूप नवीन कळतंय. आमच्याकडे मुलीच्या खोलीसाठी असं काही लावायचं मनात आहे. ती सारखी चौकटीच्या वहीत घरं काढत असते. पण तुरुंग, साखळ्या वगैरे मुलांच्या खोलीत लावावं का? मन धजत नाही.

हडसनकाठ

@अंगणवेल ताई, तुमच्यासाठीच झरीनांबद्दल लिहितो.

झरीना हाश्मी अलीगढला १९३७ मध्ये जन्मल्या, वडील तिथेच विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी पदवी घेतली गणितात. लग्नानंतर नवऱ्याच्या परराष्ट्र सेवेतल्या नोकरीमुळे देशोदेशी राहिल्या. बँकॉकमध्ये लाकडी ठशांची छपाई शिकल्या, पॅरिसमध्ये हेटर यांच्या 'आतल्ये १७' या छपाईच्या कार्यशाळेत एचिंग, पुढे टोकियोत पुन्हा लाकडी ठसे, आणि शेवटी न्यू यॉर्कला स्थायिक झाल्या. मधल्या काळात आईवडील पाकिस्तानात गेले आणि अलीगढचं घर मागे राहिलं.

१९९७ मध्ये त्यांनी आपण राहिलो त्या घरांच्या प्लॅनची एचिंगची मालिका केली. भिंतीच्या जागी जाड काळी रेघ, दाराच्या जागी मोकळी फट, बस. सामान नाही, माणसं नाहीत. त्याआधी १९९४ मध्ये वडिलांच्या घराचा प्लॅन केला होता, त्यात उर्दूत जागांची नावं लिहिलेली आहेत. १९९९ च्या छत्तीस लाकडी ठशांच्या मालिकेत तर घर आणखी विरळ होत जातं: उंबरठा, दार, भिंत, दुपार, अशा एकेका शब्दाला एकेक आकृती.

२०१३ मध्ये गुगेनहाइम म्युझियमला त्यांचं सिंहावलोकन भरलं होतं तेव्हा मी गेलो होतो. बाकी लोक भराभर पुढे जात होते, कारण दुरून बघताना ते चौकोनच वाटतात. प्लॅन वाचता येणाऱ्या माणसाला तिथून हलवत नाही. दारातून आत शिरायचं, डावीकडे वळायचं, खोली संपली की परत फिरायचं, असं डोळ्यांनी चालत राहिलो. एका घराचा प्लॅन इतका खासगी असू शकतो हे मला तोवर जाणवलं नव्हतं. छायाचित्रात घराचा चेहरा येतो. प्लॅनमध्ये त्या घरात राहणाऱ्याचं चालणं येतं.

मुलीला हे दाखवा. आणि जमलं तर तिच्याकडून तुमच्याच जुन्या घराचा असा एक प्लॅन काढून घ्या.

सयाजीबाग

झरीनांचं नाव निघालं की चित्रकार नसरीन मोहमदींचं निघायलाच हवं. जन्म त्याच साली, १९३७, कराचीत. लंडन आणि पॅरिसला शिक्षण, मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम, १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या. त्यांचा शेवट आपल्या रायगड जिल्ह्यात झाला, अलिबागजवळच्या किहीमला, १९९० मध्ये.

त्या वास्तुविशारद नव्हत्या, पण हत्यारं सगळी ड्राफ्ट्समनची. पेन्सिल, शाई, पट्टी, ड्रॉइंगचं टेबल. कर्णरेषेत जाणाऱ्या शेकडो रेघा, काही इतक्या बारीक की आहेत का नाहीत असं वाटावं. कामांना नाव नाही, बहुतेकांवर तारीख नाही. शेवटच्या वर्षांत आजारामुळे हातावरचा ताबा कमी होत गेला, आणि त्याच काळातल्या रेघा सगळ्यांत नेमक्या आहेत. मला त्या कामांसमोर उभं राहिल्यावर दर वेळी भरून येतं.

इथे मात्र माझं मत ठाम आहे: नसरीनच्या रेखाटनांच्या प्रतिकृती घरात लावू नयेत. झरीनांचं काम छापातच जन्मलं. नसरीनचं काम एका कागदावर एकदाच घडलं. पेन्सिलची चमक, शाई कागदात मुरल्याचा फरक, पट्टी उचलल्यावर रेघेच्या टोकाला राहिलेला ठिपका, हेच तिथे चित्र आहे. छापल्यावर राखाडी जाळी उरते. दिल्लीच्या किरण नाडर म्युझियमकडे त्यांच्या कामांचा मोठा संग्रह आहे, तिथे मांडलेली असतील तेव्हा जाऊन बघावीत.

बटरपेपर

@सयाजीबाग, शंभर टक्के सहमत. मी वर 'काम कुठल्या माध्यमात पूर्ण झालं' असं विचारलं होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

मापाबद्दल माझ्या धंद्यातलं थोडं. आम्ही रोटरिंगच्या शाईच्या पेनांनी काढायचो तेव्हा पेनांचा संच असायचा: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. कापलेली भिंत जाड, पलीकडे दिसणारी कड मध्यम, फरशीच्या रेघा बारीक. ट्रेसिंग पेपरवर चुकलं तर ब्लेडनं शाई खरवडायची आणि पुन्हा काढायचं. या जाडी-बारीकीतूनच खोली कळते. आता ए-१ कागदावरचं रेखाटन ए-३ वर छापलं की सगळं निम्मं होतं. ०.२५ ची रेघ ०.१२५ होते, ०.१८ ची ०.०९. बारीक रेघा एकतर नाहीशा होतात किंवा एकमेकींना चिकटून करडा डाग होतो. ऑनलाइन दुकानांत वास्तुरेखाटनांचे छोटे छोटे प्रिंट मिळतात त्यांत नेमकं हेच झालेलं असतं. चित्र ओळखू येतं, जागा मरते.

म्हणून माझा आग्रह मूळ मापाचा. मोठंही करू नये. 'कार्चेरी'चा पत्रा साधारण ४१ बाय ५५ सेंटिमीटर. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं तर प्रतिमा अंदाजे ४८०० बाय ६५०० पिक्सेल हवी. तेवढी नसेल तर दुसऱ्या म्युझियमची प्रत शोधावी, संगणकावर ताणू नये.

अर्जदार

वकिली पेशातली आहे, म्हणून हक्कांबद्दल थोडक्यात. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं. पिरानेसीचा प्रश्नच नाही. चेर्निखोव १९५१ मध्ये गेले, म्हणजे आपल्याकडे २०११ अखेर मुदत संपली. झरीना २०२० मध्ये गेल्या, त्यांचं काम २०८० अखेरपर्यंत संरक्षित. लिबेस्किंड हयात आहेत. त्यामुळे या दोघांची प्रतिमा उतरवून दुकानात छापून घेऊ नका. अधिकृत प्रिंट किंवा पुस्तक घ्या. म्युझियमनं 'खुला वापर' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून त्यांच्याकडच्या मुक्त कलाकृतींच्या प्रतिमा तशा दिल्या आहेत.

सिंधुसागर

रत्नागिरीकर. फ्रेमचं दुकान आहे, कागद आणि पावसाळा यांचं वैर रोज बघतो.

प्रिंट काचेला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही अ‍ॅसिड-फ्री. साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेनं पिवळा पट्टा उमटवतो. मागे हार्डबोर्ड लावायचा असेल तर त्याच्या आणि प्रिंटच्या मध्ये अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घाला. फेविकॉलनं चिकटवायचं नाही, सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावायच्या आणि प्रिंट त्यावर लटकता ठेवायचा. कागद पावसात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याला हलायला जागा पाहिजे. चारी बाजूंनी चिकटवला की लाटा येतात.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा, भिंत आणि फ्रेममधून हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कसर लागते ती बहुतेक मागच्या बाजूनं शिरते, म्हणून मागची फट कागदी टेपनं बंद करा आणि दर दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागे बघा.

नकाशांच्या जुन्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट किंवा निळे ब्लूप्रिंट, फ्रेम करायला लोक आणतात, आजोबांच्या घराचे वगैरे. ते उजेडात फिके पडतात. मी त्यांना सांगतो, स्कॅन करून त्याची प्रत टांगा आणि मूळ कागद अंधारात सपाट ठेवा.

अंगणवेल

@हडसनकाठ, तुमचं ऐकलं. मुलीबरोबर बसून आमच्या वाईच्या आजोळच्या घराचा प्लॅन काढला. ते घर आता नाही, मुलीनं पाहिलेलंही नाही. मी सांगत गेले, ती काढत गेली: ओटा, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसू. अडलो ते देवघरापाशी. मला त्याचं दार माजघरात उघडताना आठवतं. बहिणीला फोन लावला तर ती म्हणाली स्वयंपाकघरात. आईला विचारलं, तिनं तिसरंच सांगितलं, की दार दोन्हीकडे होतं आणि आजोबा गेल्यावर एक बुजवलं. मुलीनं ते दार तुटक रेघेनं दाखवलं. शाईनं परत काढून तेच फ्रेम करणार आहोत. मापाचं सगळं चुकलेलं असेल.

घाटमाथा

@अंगणवेल, माप चुकू द्या. तुटक रेघ अगदी बरोबर आहे. पाडलेली किंवा बुजवलेली गोष्ट प्लॅनमध्ये तशीच दाखवतात.

बटरपेपर

मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत. माझं ठरलं: 'कार्चेरी'चा १४ वा पत्रा, दोन्ही अवस्था शेजारी शेजारी. पहिली मोकळी, हातानं भराभर काढल्यासारखी, दुसरी काळोखी. दोन्ही मूळ मापात, सुती मॅट कागदावर, भोवती तीन-चार सेंटिमीटर कोरा कागद ठेवून. आतल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर येणार नाही अशा जागी. @ताम्रपट, छापायला देण्याआधी काही सांगायचं राहिलंय का?

ताम्रपट

दोन गोष्टी. फाइल नुसती काळ्या-पांढऱ्यात बदलू नका. जुन्या कागदाचा उबदार रंग आणि शाईचा तपकिरी झाक असलेला काळा राहू द्या, नाहीतर दुसरी अवस्था कोळशासारखी सपाट दिसेल. आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी सगळ्यात काळ्या कोपऱ्याची वीतभर पट्टी छापून मागा. त्या काळ्यात आडव्या-उभ्या रेघा वेगवेगळ्या दिसल्या तर पुढे जा. भरून एक झाल्या असतील तर छापणाऱ्याला शाई कमी करायला सांगा आणि पुन्हा पट्टी काढा. पट्टी बघताना दिव्याखाली बघू नका, दिवसाच्या उजेडात बघा.